राक्षस, वर्गणी आणि हंगामीचा अर्ज

विषय : दरमहा वर्गणी भरून खेळावयाचे ऑनलाइन खेळ वेळ व पैसा या दोन्ही दृष्टींनी परवडतात किंवा कसे.

संदर्भ : सौ.चा तोंडी आदेश, स्वयंपाकघरातून.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, या प्रश्नाचं हो किंवा नाही असं उत्तर देणं निम्नस्वाक्षरीकारास शक्य नाही. मात्र या विषयावरचे किस्से भरपूर साचले आहेत. किस्से फायलींसारखेच साचतात. पहिली कुणीतरी 'तूर्त राहू द्या' म्हणून कोपऱ्यात ठेवतो, तिच्यावर दुसरी येते, आणि एक दिवस कपाटाचं दार लागेनासं होतं. फरक इतकाच की फायलींना कधीतरी वाळवी लागते आणि आपली सुटका होते. किस्स्यांना वाळवीही लागत नाही!

तर कार्यालयीन भाषा इथं संपली. आता सरळ सांगतो.

आम्ही चौघं होतो. सगळे पाटबंधारे खात्यातले, एकाच उपविभागात झिजलेले. मी हेडक्लार्क, म्हणून निवृत्तीनंतरही 'बडेबाबू'. बिसेन लेखा शाखेतले. निम्मं हिंदीत बोलतात आणि निम्मं नुसतं बोलतात. शहारे जीपचे ड्रायव्हर. आणि कापगते, आवक-जावकवाले. कापगत्यांचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. आमच्या अर्जुनीजवळच्या प्रतापगडाच्या बाजूला त्यांच्या गावात जो तलाव आहे तो त्यांच्याच पूर्वजांनी बांधला. त्यामुळे ते कुठंही गेले तरी आधी पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते बघणार, मग माणसांकडे बघणार.

बसायची जागा ठरलेली. अर्जुनीत शहाऱ्यांच्या सुनेचं, ज्योतीचं, 'झेरॉक्स व ऑनलाइन फॉर्म'चं दुकान. मागच्या खोलीत काही संगणक. भरतीच्या फॉर्मांचे दिवस सोडले तर खोली रिकामीच. तिथं आम्ही बसायचो, देशाची दुरवस्था बघायचो आणि चहा मागवायचो.

* * *

सुरुवात हयातीच्या दाखल्यानं झाली. पेन्शनरानं वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं सरकारला कळवायचं असतं. हल्ली ते बोट टेकवून कळवतात. कापगत्यांनी बोट टेकवलं. मशीननं नाही म्हटलं. बोट पुसून पुन्हा टेकवलं. पुन्हा नाही.

ज्योती म्हणाली, "काकाजी, मशीन म्हणते तुमी जिवंत नाई."

कापगते शांतपणे म्हणाले, "मशीनले सांग, मलेही तसंच वाटते."

शेवटी दुसऱ्या हाताचं बोट लागलं आणि कापगते हयात ठरले. दाखला घेऊन ते जातील असं आम्हाला वाटलं. ते गेले नाहीत. खुर्चीतच बसून राहिले आणि ज्योतीला म्हणाले, "तो तलवारीचा खेळ राहते ना व, पैसे भरून खेळाचा? त्याच्यात नाव कसं घालतात?"

"तुमाले कायले पायजे जी तो?"

"पोरगा खेळते त्याच्यात," कापगते म्हणाले.

शहाऱ्यांनी उगाचच आणखी एक चहा सांगितला. कारण कापगत्यांच्या पोराचं नाव आमच्यात कुणी काढत नसे.

* * *

त्यांच्या पोराचा किस्सा सगळ्या उपविभागाला पाठ होता.

प्रशांत बारावीत होता. त्या दिवशी त्याचा पेपर. कापगते चष्मा विसरला म्हणून दुपारी घरी गेले, तर पोरगा घरात, पडद्यासमोर. पडद्यावर ढाल-तलवारवाली माणसं धावताहेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव लिहिलेलं. प्रशांतच्या माणसाचं नाव 'पाटकरी', म्हणजे शेताशेताला पाळीपाळीनं पाणी सोडणारा. घराण्याची आठवण पोरानं अशी ठेवली होती!

कापगत्यांनी विचारलं, "पेपर?"

प्रशांत मान न वळवता म्हणाला, "थांबा ना बाबा. माझे लोक आहेत तिकडं. मी उठलो तर ते मरतात."

"तिकडं एवढे तुझे लोक आहेत, तर मंग तिकडंच राय!" कापगते म्हणाले. मग त्यांनी वायर उपटली, संगणकाचा सगळा डबा खांद्यावर घेतला आणि भर गावातून तलावाकडे निघाले. वाटेत एका म्हातारीनं हात जोडून विचारलं, "कोणाचं विसर्जन व्हय जी?"

डबा तलावात गेला.

आता त्यांच्या गावात तलावाचा एक जुना कायदा आहे. तलावात घाण टाकली, पाणी सोडायचं दार बिघडवलं, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, गुरं चढवली, की चुकणाऱ्यानं तळाच्या गाळाच्या पाच टोपल्या डोक्यावर वाहून पाळीवर टाकायच्या. तोंडानं माफी मागायची नाही. काम चालू असताना त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. पाचवी टोपली पडली की विषय मिटला. पुन्हा कुणी नाव काढायचं नाही. या कायद्यानं पाळ उंच राहते आणि गावाचं तोंड बंद राहतं. आमच्या खात्याला असा कायदा कधी सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी न सांगता, कापगते तलावात उतरले आणि पाच टोपल्या वाहिल्या. प्रशांत बॅग घेऊन रस्त्यावर उभा होता. पाचवी टोपली पडेपर्यंत त्यानं पाहिलं. मग स्टेशनकडे चालू लागला.

तलावाचा दंड फिटला. पोराचा राहिला.

आणि पोरगा आज्ञाधारक निघाला. 'तिकडंच राय' म्हटलं होतं, तिकडंच राहिला! पुढं तो हैदराबादला नोकरीला लागला. आईला फोन करतो. कापगतेवहिनी जेवलास का विचारतात, तो जेवलो म्हणतो. कापगत्यांनी फोन हातात घेतला की पलीकडून आवाज येत नाही. कापगते एकदा हैदराबादला जाऊनही आले. दारात कुणी दुसराच पोरगा आला आणि प्रशांत बाहेरगावी गेल्याचं सांगून गेला. प्रशांतच्या चपला दारातच होत्या.

* * *

म्हणून हा खेळ. बिसेन त्यांना म्हणाले, "अरे कापगते, सीधा फोन करो ना जी. खेळात घुसून काय होणार?"

कापगते म्हणाले, "मीच तिकडं धाडलं त्याले. मंग आणाले तिकडंच जा लागन."

यावर बिसेनांनी चहाचे पैसे स्वतः दिले. त्यांच्या आयुष्यातली ही नोंद घेण्यासारखी घटना.

ज्योतीनं नोंदणी केली. खेळात आपला एक माणूस तयार करावा लागतो. उंची, नाक, केस, सगळं निवडता येतं. म्हातारा मात्र निवडता येत नाही. पांढरे केस मिळतात, पण खालचं शरीर पंचविशीचंच! नाव विचारल्यावर कापगत्यांनी पेन्शनच्या कागदावर आहे तसं नाव सांगितलं, 'सेवानिवृत्त'सकट. खेळानं घेतलं नाही. मग विचार करून त्यांनी 'हंगामी' लिहायला सांगितलं. खात्यात ते आधी कितीतरी वर्षं हंगामी म्हणूनच होते, आणि कायम झाले तेव्हा कुणाला फारसा फरक जाणवला नव्हता.

एकट्याला सोडायचं कसं, म्हणून आम्हीही नावं घातली. माणसं उगाच व्यसनाला लागत नाहीत. बहुतेक सोबत म्हणूनच लागतात.

शहाऱ्यांचे गुडघे जीपनं खाल्ले होते. खेळात शिरल्यावर त्यांनी ना तलवार घेतली, ना राक्षस मारला. पहिले कित्येक दिवस ते नुसत्या उड्या मारत होते. दगडावरून उडी, ओढ्यावरून उडी, काही नसेल तिथं जागच्या जागी उडी.

"बडेबाबू, काहीच दुखत नाई जी!" ते मला ओरडून सांगायचे. मग चहा आला की खुर्चीच्या हाताला धरून, दोनदा आई म्हणून उठायचे.

एकदा असेच उठता उठता सुनेला म्हणाले, "का व ज्योती, तिकडचे गुडघे इकडं आणता येत नाईत का?"

ज्योती म्हणाली, "त्याचा फॉर्म निंगाला नाई मामाजी अजून."

* * *

आमची टोळी निघाली. खेळात टोळीला गिल्ड म्हणतात. आम्ही नाव ठेवलं 'सेवानिवृत्त कर्मचारी मंडळ'. दोन-चार अनोळखी खेळाडू चुकून आमच्यात शिरले. त्यांना बहुधा हे नाव म्हणजे विनोद वाटला. विनोद नव्हता.

एकदा सगळ्यांनी मिळून एक अजस्र राक्षस मारला. त्याच्या पोटातून जादूचं धनुष्य निघालं. रायपूरचा एक जण आमच्यात धनुर्धारी होता. त्यानं लिहिलं, हे मला मिळावं, मी एकटाच बाण मारतो.

बिसेनांनी उत्तर लिहिलं : ज्येष्ठतेनुसार वाटप होईल.

ज्येष्ठ बिसेनच. धनुष्य बिसेनांना गेलं. त्यांचा माणूस होता वैद्य. त्याला धनुष्य पेलत नव्हतं, वापरायची परवानगीच नव्हती. ते त्यांनी पाठीला लावून ठेवलं.

रायपूरवाल्यानं विचारलं, "इसका क्या करोगे, अंकल?"

बिसेनांनी लिहिलं, "पद का सम्मान है."

त्यानं गिल्ड सोडली. बिसेनांनी त्याला कळवलं की राजीनामा एक महिन्याच्या पूर्वसूचनेशिवाय ग्राह्य धरता येत नाही! तोवर तो निघून गेला होता. पुढच्या राक्षसानं आम्हा सगळ्यांना मारलं. बाण मारणारा कुणी नव्हता आणि जादूचं धनुष्य वैद्याच्या पाठीवर सन्मानानं मरून पडलं होतं.

"ऐसा ही चलता था ना जी," बिसेन म्हणाले, "तरी खातं चाललंच."

* * *

हंगामी मात्र राक्षसांच्या वाटेला जात नसे. खेळाच्या त्या देशात एका कोपऱ्यात एक गाव आहे, गावाला तलाव आहे, तलावाला पाळ आहे. कापगत्यांना तो तलाव सापडला आणि ते तिथंच बसले. मासे धरायचे. शोध पाटकरीचा, पण शोधत फिरण्यापेक्षा एका जागी बसलेलं माणूस लवकर सापडतं, असं त्यांचं म्हणणं.

बसल्या बसल्या त्यांनी तलावाची पाहणी केली. एक दिवस गंभीर चेहऱ्यानं मला म्हणाले, "बडेबाबू, या तलावाले सांडवाच नाई. जास्तीचं पाणी जाणार कोठून? एका पुरात पाळ फुटन आणि गाव वाहून जाईन."

मी म्हटलं, "कापगते, तिथं पाऊस चित्रातला आहे."

"आपलेही काही तलाव नकाशावरच होते जी. त्याइची दुरुस्ती दरवर्षी होत होती."

त्यांनी खेळाच्या कंपनीकडे तक्रार केली. मसुदा माझा, इंग्रजी ज्योतीचं. गावाचं नाव, पाळीची अंदाजे लांबी, सांडव्याची सुचवलेली जागा, सगळं लिहिलं. काही दिवसांनी उत्तर आलं : आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. योग्य त्या विभागाकडे तो पाठवण्यात आला आहे.

कापगत्यांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि खूष होऊन म्हणाले, "अरे, हे तर आपणच देत होतो!"

त्या तलावात मासा लागला नाही तर गळाला चिखलाचा गोळा लागतो. कवडीचाही उपयोग नाही. लोक तो तिथंच फेकतात. कापगते फेकत नसत. गोळा लागला की हंगामीला पाळीवर चढवायचे, गोळा नीट खाली ठेवायचे, मग परत येऊन गळ टाकायचे. ठेवलेली वस्तू थोड्या वेळानं खेळातून नाहीशी होते, पाळ काही त्यानं वाढत नाही. कापगत्यांचा आपला रोजचा नेम.

बिसेन वैतागले, "कायले ठेवून राहिले जी? गायब होते ते!"

कापगते म्हणाले, "माहीत आहे. पोराचा दंड राहिला ना जी, तो वाहून राहिलो."

* * *

मधल्या काळात वर्गणीवरून घरोघरी चौकशा लागल्या. आमच्या घरची चौकशी वर संदर्भात नमूद आहेच. सौ.चं म्हणणं, या वयात लोक हरिनाम घेतात, तुम्ही पैसे भरून राक्षस मारता. मी म्हटलं, राक्षस आम्हालाच मारतात. त्यानं प्रकरण सुधारलं नाही.

बिसेनांनी घरी हिशेब मांडला की महिन्याची वर्गणी त्यांच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यापेक्षा कमी पडते. बिसेनवहिनी म्हणाल्या, "मंग खर्रा सोडा."

बिसेन म्हणाले, "दोन्ही चालू ठेवले तरच तुलना होते ना!"

शहाऱ्यांच्या घरी प्रश्न आला नाही, कारण दुकान सुनेचंच. गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं ठरलं. नागपूरला जाताना शहारे आम्हाला म्हणाले, "परत आलो की इकडंही उडी मारून दाखवतो." ऑपरेशन चांगलं झालं असं डॉक्टरांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी हृदय थांबलं. गुडघे नवे होते.

बोट टेकवायला शहारे आले नाहीत आणि त्यांची पेन्शन नियमाप्रमाणे बंद झाली. वर्गणी बंद झाली नाही. खेळाच्या यादीत हजर माणसाचं नाव हिरवं दिसतं, गैरहजराचं करडं; शहाऱ्यांचं हिरवं-करडं होत राहिलं. मला ते विचित्र वाटलं. एकदा दुपारी मागच्या खोलीत गेलो तर ज्योती एकटीच बसलेली. पडद्यावर शहाऱ्यांचा माणूस ओढ्यावरून उड्या मारत होता. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

मला पाहून ती जरा ओशाळली. म्हणाली, "बसून बसून आखडतात जी त्याइचे गुडघे."

मी चहा सांगायला बाहेर गेलो.

* * *

आणि मग पाटकरी सापडला. म्हणजे नाव सापडलं. एका मोठ्या गिल्डच्या यादीत सगळ्यात वर, प्रमुख म्हणून. पोरानं तिकडं बढती घेतली होती!

त्या गिल्डमध्ये शिरायचं तर अर्ज करावा लागतो आणि प्रमुखानं मंजूर करावा लागतो. अर्ज म्हटल्यावर बिसेन आणि माझ्या अंगात बळ आलं. उभी नोकरी आम्ही अर्जांवरच काढली होती. आधी कापगत्यांना आमच्या मंडळातून रीतसर कार्यमुक्त केलं, कारण एका माणसाला दोन गिल्डांत राहता येत नाही. मग मसुदा केला. विषय, संदर्भ, विनंती, पूर्वसेवेचा तपशील, 'आपला विश्वासू'. बिसेनांना एक प्रत माहितीसाठी पाठवायची होती. कुणाला, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

ज्योतीनं मसुदा चौकटीत टाकला. चौकटीनं पहिल्या ओळीतच हात वर केले. तिथं एका वाक्यापुरतीच जागा!

आम्ही कापत गेलो. पूर्वसेवा गेली. विनंती गेली. बिसेन 'महोदय' सोडायला तयार नव्हते. "महोदय नसेल तर अर्ज कुणाला आहे हे कसं समजणार?"

ज्योती म्हणाली, "बाप पोराले महोदय म्हणन का जी?"

महोदय गेलं. आता प्रश्न नावाचा. बापाचं नाव लिहिलं तर प्रशांत बघताक्षणी नामंजूर करणार. न लिहावं तर फसवणूक. आम्ही दोघं वाद घालत होतो. कापगत्यांनी खुर्ची पुढं ओढली. त्यांनी ज्योतीला म्हटलं, "सगळं पुसून टाक व. एवढंच लिही."

आणि सांगितलं : 'तलावाच्या पाळीवर असतो.'

अर्ज गेला. हंगामीच्या नावापुढे एक पिवळा ठिपका आला आणि शब्द आला : प्रलंबित.

ज्योतीनं नियम वाचून दाखवला. अर्जाला मुदत नाही. प्रमुख वाटेल तेव्हा निर्णय घेईल. मात्र अर्जदाराची वर्गणी थकली की अर्ज आपोआप रद्द.

दर सकाळी कापगते येतात, ठिपका बघतात, मग तलावावर जातात. पहिल्या काही महिन्यांत मीच त्यांना धीर द्यायचो. नंतर माझाच धीर सुटला. एकदा मी म्हटलं, "कापगते, आता सोडा. पोराला यायचं असतं तर आला असता. उगाच वर्गणी भरता."

कापगते म्हणाले, "बडेबाबू, तुमच्या टेबलासमोर किती कास्तकार शेताच्या पाण्यासाठी अर्ज घेऊन उभे राहत होते. तुमी त्याइले काय सांगत होते?"

 मी त्यांना सांगत असे : प्रलंबित म्हणजे नामंजूर नव्हे.

* * *

आता शेवटचा.

मागच्या आठवड्यातली दुपार. बाहेर धानाच्या मळणीची धूळ, दुकानात कुणी नाही. कापगते तलावावर गळ टाकून बसलेले, बिसेन आणि मी मागं उभे.

पाळीच्या टोकाला एक माणूस दिसला. अगदी नवा, अंगावर खेळात शिरताना मिळतात ते साधे कपडे, ना ढाल, ना तलवार. डोक्यावरचं नाव म्हणजे अक्षरांचा नुसता खच, घाईत कुणीही दाबावीत तशी. ज्योती म्हणाली, "एवढा नवा माणूस इतक्या दूर कसा पोचला जी? रस्त्यात राक्षसच राक्षस आहेत. दहादा मेला असन हा, नाईतर रस्ता माहीत असलेला जुनाच कोणी नवं नाव घेऊन आला असन."

तो पाळीखाली उतरला. हंगामीपासून थोडा दूर उभा राहिला आणि गळ टाकला. मासा लागला. त्यानं तो पाण्यात सोडून दिला. पुन्हा टाकला. पुन्हा मासा, पुन्हा सोडला.

बिसेन हसले, "पागल है क्या? मासे फेकून राहिला."

मग चिखलाचा गोळा लागला. तो गोळा घेऊन माणूस पाळीवर चढला. खाली ठेवला. परत उतरला आणि गळ टाकला.

बिसेनांचं हसू थांबलं.

दुसरा गोळा यायला वेळ लागला. मासेच जास्त लागत होते. तो सोडत राहिला. दुसरा आला, वर नेऊन ठेवला. तोवर पहिला नाहीसा झाला होता. त्यानं तिकडे लक्ष दिलं नाही. तिसरा. चौथा. चहा आला, तसाच गार झाला. कापगत्यांचा हात माउसवरून कधीच खाली आला होता. हंगामी हातात गळ धरून नुसता उभा.

पाचवा गोळा त्यानं वर नेला, ठेवला आणि पाळीवर उभा राहिला. तोंड हंगामीकडे.

बिसेन कापगत्यांचा खांदा हलवून म्हणाले, "अरे विचारा ना जी! लिहा काहीतरी! कोण आहे विचारा!"

ज्योतीनं कीबोर्ड पुढं सरकवला.

कापगते म्हणाले, "पाळीवर काम चालू आहे. बोलाचं नाई."

"काम झालं ना जी, पाच झाले!"

कापगत्यांनी माउस धरला. हंगामी हळूहळू पाळ चढून वर गेला आणि त्या माणसाच्या शेजारी, तलावाकडे तोंड करून उभा राहिला. दोघं तसेच उभे होते. मग तो माणूस दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योती शटर उघडत होती तेव्हा कापगते बाहेर उभेच होते. आत येऊन तिनं यादी उघडली. रोजच्यासारखी त्यांनी मान पुढं केली.

पिवळा ठिपका होता.

या महिन्याची वर्गणी भरली आहे. अर्ज प्रलंबित आहे.